चमचाभर विरजण

आमच्या सोलापुरात विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. शेजारणीशी पाण्यावरून भांडण झालेलं असो, चार महिने बोलणं बंद असो, तिच्या घरातलं कुणी वाटी घेऊन दारात आलं की चमचाभर दही द्यायचंच. फक्त दिवेलागणीनंतर द्यायचं नाही, एवढंच काय ते बंधन. मी याच गावात जन्मले, वाढले, आणि तरीही मी काम करते त्या तृणान्न संशोधन केंद्राच्या थंडगार खोलीत बसून एक नियम लिहिला: ‘हे विरजण घराबाहेर कुणालाही देऊ नये.’ काय म्हणावं असल्या अकलेला! दिवेलागणीचा नियम सगळ्या बायकांनी पाळला, माझा एकीनंही नाही. आणि तो सगळ्यांत आधी मोडला मीच.

आधी दह्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगे, सगळ्यांत लोह असतं, चांगलं भरपूर असतं. पण दाणा काही आपल्यासाठी तयार झालेला नसतो, तो पुढच्या रोपासाठी असतो. रोपाला लागणारा फॉस्फरस तो फायटेट नावाच्या द्रव्यात साठवून ठेवतो, आणि या फायटेटला एक खोड आहे: लोह किंवा जस्त दिसलं की घट्ट मिठी मारायची. आपल्या पोटात ती मिठी फारशी सुटत नाही. त्यामुळे लोह ताटात येतं, पोटात जातं आणि बरंचसं तसंच बाहेर पडतं. जेवणावर चहा प्यायलात तर चहाही तेच करतो. म्हणून दोन्ही वेळा भाकरी-उसळ खाणारी बाई पांढरीफटक दिसते. धान्य भिजवलं, मोड आणले, आंबवलं तर फायटेट मोडतं, पण भाकरीचं पीठ रोज कोण आंबवत बसणार? मग आम्ही ते काम दह्यातल्या जिवाणूलाच शिकवलं. फायटेट तोडणारं विकर बनवायचं जनुक त्याच्यात बसवलं. दही खाल्लं की हा जिवाणू दोन-चार दिवस आतड्यात मुक्काम ठोकतो आणि भाकरी आली रे आली की मिठ्या सोडवायला लागतो.

भाषणांत मी फायटेटला ‘ताटातला चोर’ म्हणायची. टाळ्या पडायच्या.

आता अण्णाचं. मल्लिनाथ, माझा थोरला भाऊ. चादरी-टॉवेलांवर जी नक्षी उमटते ती संगणकावर मांडून मागाला देणं हा त्याचा धंदा. मोर काढावा तर अण्णानं! पण माणूस जन्मापासून फिकट. आई म्हणायची, ह्याच्या अंगात रक्तच धरत नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या की पोट बिघडायचं, म्हणून त्यानं त्या तरुणपणीच सोडल्या. जिना चढला की वरच्या पायरीवर बसून घ्यायचा आणि वर मलाच विचारायचा, “दमलीस का गं नंदा?” आणि खाणं काय, तर चहा-भाकरी. कडक भाकरी वाटीत चुरायची, वर गोड चहा ओतायचा आणि मिटक्या मारत खायची. मी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. रोज सकाळी ती वाटी बघितली की माझं डोकं फिरायचं. अख्ख्या जिल्ह्याला शहाणपण शिकवते मी, आणि माझाच भाऊ चोराला चहा पाजतोय!

त्या उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकला होता. नीलावहिनींचा फोन आला. “नंदा, विरजण पार आंबट ढाण झालंय गं. येताना डेअरीतून आण की जरासं.”

डेअरी वाटेवरच होती. पण माझ्या पिशवीत केंद्रातल्या विरजणाची डबी होती, आणि डोळ्यांपुढे अण्णाचा तो पिठासारखा चेहरा. दही देण्याआधी प्रत्येकाचं रक्त तपासायचं, हाही माझाच नियम. काहींच्या रक्तात जन्मजात दोष असतो, थॅलेसेमियाचा. त्याच्या काही प्रकारांत माणूस फिकट दिसतो, पण लोह कमी असतं म्हणून नव्हे. माझं स्वतःचं रक्त मी तपासलं होतं, ते स्वच्छ निघालं होतं. मग आता घरच्यांचं काय तपासायचं, एकाच आईबापाची लेकरं आम्ही! पहिल्या वर्षाच्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं. एका भावंडाच्या वाट्याला काय आलं यावरून दुसऱ्याचं काहीएक ठरत नाही.

“वहिनी, हे दही अण्णाला दोन्ही वेळा द्या,” मी डबी ओट्यावर ठेवत म्हटलं, “आणि ती चहा-भाकरी आजपासून बंद.”

“मी सांगून ऐकतायत होय? तूच सांग.”

मी सांगितलं. अण्णा कुरकुरला, मग दह्यात भाकरी चुरायला लागला. “तुझ्यासाठी हं,” म्हणाला. “बहीण शास्त्रज्ञ झाली की माणसाचे असे हाल होतात.”

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत चांगली वर्षं होती. आमच्या चाचणीत ज्या बायकांना हे दही दिलं होतं त्यांचं रक्त वाढलं. विडी कारखान्याजवळच्या वस्तीत एक बाई मला अडवून म्हणाली, “मॅडम, आता जिना चढून गेले तरी छाती भरून येत नाही.” दही वाटीवाटीनं चाचणीबाहेर गेलंय हे मला कळत होतं. मी दोन बायकांना रागावले, मनातून मात्र सुखावले. लोक त्याला ‘नंदाचं दही’ म्हणायला लागले होते. चढतं की नाही डोक्यात! मुंबईला सादरीकरणाला निघाले तेव्हा वहिनींनी हातावर दही-साखर ठेवली, तीही त्याच दह्याची. शाळांच्या पोषण आहारात हे दही द्यायचं ठरलं.

आणि अण्णाचा चेहराही बदलला. फिकटपणा गेला, रंग चढला. सगळे म्हणायचे, मल्लूअण्णाला बहिणीचं दही मानवलं. वहिनींना एवढा आनंद की त्या त्याला तिसरी वाटी द्यायला लागल्या. बोटांचे सांधे दुखतात म्हणाला तर मी म्हटलं, माऊस कमी हलव. रक्तात साखर निघाली तेव्हा म्हटलं, आयुष्यभर पाक प्यायलास, दुसरं काय होणार? सगळ्यावर माझ्याकडे उत्तर तयार.

शाळांत दही सुरू करायचा कार्यक्रम आठवड्यावर आला होता. वहिनींच्या माहेरची माणसं जेवायला आली होती, गव्हाच्या खिरीचा, हुग्गीचा बेत होता. मी केंद्रातलं नवं यंत्र दाखवायला आणलं होतं. चिमट्यासारखं नखावर लावायचं, आतून उजेड पडतो आणि हिमोग्लोबिनचा आकडा दिसतो. सुई नाही, रक्त नाही. मग काय, पंगतीतच खेळ सुरू झाला. वहिनी बारा. त्यांची बहीण साडेबारा. वहिनींचे म्हातारे वडील तेरा, त्यांनी मिशीवर ताव दिला.

अण्णानं बोट पुढं केलं. आठ.

“यंत्र बिघडलं की!” अण्णा हसला. सगळे हसले. मी दुसऱ्या बोटाला लावलं. आठच.

मी यंत्राकडे बघत नव्हते, त्याच्या बोटाकडे बघत होते. पेरांवरची कातडी राखट, तांबूस-काळी पडली होती. उन्हानं काळी पडते तशी नाही. आणि अण्णा उन्हात जातोच कुठं, दिवसभर पडद्यासमोर बसणारा माणूस! रक्त तेवढंच, मग रंग कुठून आला? पुढ्यातली हुग्गी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ‘साखरेची तपासणी’ म्हणून मी त्याचं रक्त घेतलं. खोटं बोलले. संध्याकाळी निकाल आला. थॅलेसेमिया होता, जन्मापासूनचा, सौम्य प्रकारातला, रक्त न चढवताही माणूस जगतो तसा. आणि अंगात साठलेलं लोह निरोगी माणसाच्या कितीतरी पट जास्त.

आपल्या शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकता येत नाही. त्याच्याकडे एकच उपाय असतो: पुरेसं झालं की यकृत आतड्याला निरोप पाठवतं, दार बंद करा. अण्णासारख्या माणसांत तो निरोप नीट पोचतच नाही. रक्त कमी आहे, आणखी लोह आणा, असंच शरीराला वाटत राहतं आणि दार सताड उघडं राहतं. आलेलं लोह रक्ताच्या कामी येत नाही, मग ते यकृतात बसतं, स्वादुपिंडात बसतं, कातडीत, सांध्यांत आणि शेवटी हृदयात. ही साखर, ते सांधे, तो रंग, सगळं एकच होतं. एवढी वर्षं अण्णाला वाचवलं कुणी होतं? ज्वारीतल्या फायटेटनं आणि त्या वाटीतल्या चहानं. मी ज्याला चोर म्हणून टाळ्या घेतल्या, तो माझ्या भावाच्या दारात राखणीला बसला होता. मी त्याला हाकलून दिलं.

तेव्हा मी काय करायला हवं होतं हे कुणीही सांगेल. त्याच दिवशी अण्णाला घेऊन दवाखाना गाठायचा. मी नाही गाठला. शाळांचा कार्यक्रम सोमवारी होता. तेवढा होऊ दे, मग गुपचूप पुण्याला नेऊन उपचार सुरू करू, कुणाला कळायचं कारणच नाही, असा हिशेब मी केला. लाज वाटते हे सांगताना, पण केला. वहिनी देवळात गेल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात शिरले, विरजणाचं भांडं मोरीत ओतलं, उकळत्या पाण्यानं धुतलं आणि डेअरीचं दही त्यात घालून ठेवलं. चोर शेवटी कोण निघालं बघा.

आणि सकाळी अण्णाच्या पुढ्यात चहा ठेवला. “भाकरी चूर यात.”

तो बघतच राहिला. “काय गं, शास्त्र बदललं की काय?”

“बदललं. खा गप. फक्त साखर नाही.”

“बिनसाखरेची चहा-भाकरी?” त्यानं एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “ह्याच्यापेक्षा दही बरं होतं.”

चार-पाच दिवस असेच गेले. मी जेवताना त्याच्यावर नजर ठेवून असायची. दोन्ही वेळा दही चालूच होतं, पण डेअरीचं आहे म्हणून माझा जीव भांड्यात पडला होता. शनिवारी दुपारी अण्णा जिना चढून माझ्याकडे येत होता. नवीन नक्षी दाखवायची होती त्याला, शाळेच्या मुलांना द्यायच्या नॅपकिनवरची, ज्वारीच्या कणसांची. मधल्याच पायरीवर त्यानं कठडा धरला. “नंदा,” म्हणाला, “छातीत काहीतरी उड्या मारतंय गं.” आणि खाली बसला तो उठलाच नाही.

दवाखान्यात हृदयाचे ठोके ताळ्यावर आणायला बराच वेळ लागला. डॉक्टर तरुण होत्या, हातात रिपोर्ट घेऊन बाहेर आल्या. “एवढं लोह? गोळ्या घेत होते का?”

“छे हो,” वहिनी म्हणाल्या. “गोळीला शिवतसुद्धा नाहीत. खाणं साधं. भाकरी, उसळ आणि दही. आमच्या नंदाचं दही. मध्यंतरी त्याची चव गेली होती. विरजण बिघडलं की काय कोण जाणे, अगदी बाजारच्यासारखं लागायला लागलं. मग शेजारच्या कस्तुरीकडून परत आणलं, मीच दिलेलं होतं तिला. म्हटलं ह्यांना त्याच दह्यानं गुण आलाय, ते सोडायचं कशाला?”

मी भांडं धुतलं होतं, पण गाव कसं धुणार? कस्तुरीकडून ते आणखी कुठं गेलं असेल, तिथून पुढं कुठं? आणि ज्या घरात गेलं तिथं रक्त कुणी तपासलंय? एखादा फिकट माणूस असेल, घरचे त्याला प्रेमानं जास्तीची वाटी देत असतील.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “ते दही मी दिलं. तपासणी न करता दिलं. आणि मला आठवडाभर माहीत होतं.”

डॉक्टर लिहून घेत राहिल्या. वहिनींना आधी कळलंच नाही. मी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं, दार, निरोप, लोह, मोरीत ओतलेलं भांडं. वाटलं, थोबाडीत देतील. बरं झालं असतं. पण त्या आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत राहिल्या.

“म्हणजे मी भरवलं,” त्या म्हणाल्या. “तिसरी वाटी तर तूही सांगितली नव्हतीस. ती मी दिली. माझ्या हातानं.”

“वहिनी, तुमचा काय दोष? तुम्हाला काय माहीत?”

“मला माहीत नव्हतं. पण भरवलं तर मीच ना?”

भावाचं हृदय मी बिघडवलंच होतं, वर त्याच्या बायकोच्या हाताचं विष केलं होतं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

रविवारी अण्णा जरा सावध झाला. लोह बाहेर काढणारं औषध पोटाच्या कातडीखालून रात्रंदिवस जात होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, जगतील, पण हृदय पहिल्यासारखं होईल असं वचन देत नाही. साखर कायमची. मी सबनीस मॅडमना, आमच्या संचालिकांना, आधीच फोन केला होता. त्या म्हणाल्या, “महानंदा, ही तुझ्या घरातली चूक आहे, दह्याची नाही. शाळेत तपासूनच देणार आहोत आपण. उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ दे.” खरं होतं त्यांचं, अगदी खरं. मीसुद्धा आठवडाभर हेच म्हणत होते.

मी अण्णाला सगळं सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. रागावेल, रडेल, काय करेल समजेना.

“मला आवडत नव्हतं गं ते दही,” तो शेवटी म्हणाला. “तू आणलंस म्हणून खाल्लं.”

मला रडू फुटलं. दवाखान्याच्या खोलीत पोरीसारखी हुंदके देत रडले. त्यानं औषधाची नळी सांभाळत माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या काळवंडलेल्या हाताचं ओझं मला सहन होईना.

“उद्याच्या कार्यक्रमात कोण कोण असेल?” त्यानं विचारलं.

“सगळं गाव. टीव्हीवरही दाखवणार आहेत.”

“मग तिथंच सांग. गावात माझ्यासारखे फिकट किती असतील, शोध त्यांना. दही वाईट नाही म्हणावं, पण आधी रक्त तपासा. आणि एखाद्याला चहा-भाकरी आवडत असेल तर खाऊ दे त्याला.”

“माझं काम जाईल अण्णा. केंद्र बंद पडेल कदाचित. ज्या बायकांचं रक्त वाढलंय त्या पुन्हा...”

“मग तेही सांग,” तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

सोमवारी सकाळी मी तयार होऊन खाली आले. वहिनी दवाखान्यातून अंघोळीपुरत्या घरी आल्या होत्या. अण्णानं कठडा धरला होता त्या पायरीवर मला पाय ठेववत नाही अजून, मी ती चुकवून उतरते. दाराशी पोचले आणि मागून आवाज आला.

“थांब.”

वहिनी आतून आल्या. सवयीनं हातात दह्याची वाटी घेतली असावी, कारण चमचा होता, वाटी होती, आणि वाटी रिकामी होती. घरातलं दही त्यांनी स्वतः ओतून दिलं होतं, कस्तुरीकडचंही. त्या क्षणभर वाटीकडे बघत उभ्या राहिल्या. मग आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आल्या. तो भरलेलाच होता, अण्णाला चालत नाही तर साखर संपणार कशी?

“हात कर पुढं.”

मी हात पुढं केला. त्यांनी चिमूटभर साखर ठेवली. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

“मी कुणाकुणाला विरजण दिलं ती घरं सांगते तुला दुपारी. आपण दोघी जाऊ, एकेक दार करू. मी कुणाचं नाव लपवणार नाही.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “पण तिथं कुणी विचारलंच, ह्या घरात ते पहिल्यांदा कुणी आणलं, तर दही शास्त्राचं होतं, केंद्राचं होतं, असलं काही बोलू नको. तुझं नाव सांग. पूर्ण.”

“सांगते,” मी म्हटलं.

साखर तोंडात टाकली. दह्याशिवाय ती नुसतीच गोड लागली. मी चपला घातल्या आणि कार्यक्रमाला निघाले.